चुन्याचे दोन गोल

शांतवन मास्तरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा सायकल त्यांना नेत नव्हती, ते सायकलीला नेत होते. दिवेलागणीची वेळ होती. अंगणात वाळत घातलेलं धान मी गोळा करत होते. बिरसीकडच्या रस्त्यानं एक सडपातळ तरुण धुळीनं माखलेला, सायकल हातानं ढकलत आला आणि आमच्या दाराशी थांबला. आमच्या ख्रिस्ती मंडळीत शब्बाथशाळा, म्हणजे पोरांची रविवारची शाळा, घ्यायला गोंदियाहून नवे मास्तर येणार, असं पाळकसाहेबांनी उपासनेत सांगितलं होतं. हेच ते, हे मी ओळखलं.

"सायकल मोडली का गा?" मी विचारलं.

"नाही बाई. दिव्याचा बल्ब गेला."

"चाकं तं धड आहेत ना? मंग वरतं बसा ना. पायी काऊन येऊन राहिले?"

"अंधार पडला की दिव्याशिवाय सायकल चालवायची नाही, असा कायदा आहे."

"इथं कोण पाहून राहिला तुमाले? शिपाई राहू द्या, रस्त्यावर कुत्रं नाई."

त्यांनी कपाळ पुसलं आणि शांतपणे म्हणाले, "उद्या सकाळी मला पोरांना आज्ञापालन शिकवायचं आहे, बाई. एका रात्रीत मी दुसरा माणूस कसा होणार?"

माझे मालक हसत बाहेर आले आणि त्यांनी पाण्याचा तांब्या दिला. नंतर आत मी मालकांना म्हणाले, "हा माणूस या गावात महिनाभर टिकला तर मी टक्कल करीन." मास्तर टिकले. माझ्या डोक्यावर केस अजून आहेत, आणि दिलेला शब्द न पाळल्याबद्दल मास्तर आजही मला अधूनमधून टोचतात.

आता त्याच मास्तरांची पंचाहत्तरी आहे आणि मंडळीनं त्यांच्यासाठी गौरवग्रंथ काढायचं ठरवलं आहे. शिकल्यासवरल्या लोकांनी लेख दिले. माझ्याकडूनही काही घ्यावं असं कोणाच्या तरी मनात आलं. मला अक्षर येत नाही. मी बोलते आणि माझी नात कृपा उतरवून घेते. मी बोलते तसंच ती लिहीत नाही. माझ्या शब्दांना ती इस्त्री करते. जिथं भांडण आहे तिथं मात्र इस्त्री फिरवायची नाही, असं मी तिला बजावलं आहे.

मास्तर नोकरीनं सरकारी शाळेतले. राहायला फुलचूरला. आठवडाभर ते सरकारची पोरं शिकवत आणि रविवारी देवाची. दर रविवारी उपासनेच्या आधी ते आमच्या गावच्या मंदिरात येत. मंदिर म्हणजे आमचं लहानसं कौलारू प्रार्थनामंदिर. पुढे मातीचा ओटा. त्या ओट्यावर मास्तर चुन्याचे दोन मोठे गोल काढत. एक सरकारचा, एक देवाचा. दोन्ही गोल थोडे एकमेकांत शिरलेले, त्यामुळे मध्ये एक जागा दोघांचीही असे. बाहेर उरलेला ओटा कोणाचाच नाही.

मग मास्तर प्रश्न विचारत आणि पोरं धावत.

"लाल दिव्याला थांबणं?" पोरं सरकारच्या गोलात.

"आईला उलट न बोलणं?" पोरं देवाच्या गोलात.

"दुसऱ्याच्या झाडाचे पेरू न चोरणं?" अर्धी इकडे, अर्धी तिकडे, आणि शेवटी ढकलाढकली करत सगळी मध्ये.

"शिट्टी वाजवणं?" सगळी बाहेर, शिट्ट्या वाजवत. मास्तर सांगत, बाहेर उभं राहणं म्हणजे पाप नव्हे. ज्या गोष्टीबद्दल दोन्ही कायदे गप्प आहेत, तिची ती जागा. वाचकांनी ही बाहेरची जागा ध्यानात ठेवावी. मला पुढे तिथं यायचं आहे.

मी दारात बसून पाहत असे. हळूहळू माझ्या लक्षात आलं की मास्तरांच्या हाताखाली सगळ्याच गोष्टी मध्ये सरकतात. लाल दिवा आधी सरकारचा होता. मग मास्तर विचारत, "तुम्ही थांबला नाहीत आणि कोणी मेलं, तर तो जीव कोणाचा?" पोरं ओरडत, "देवाचा!" झालं, लाल दिवा मध्ये. विनातिकीट प्रवास न करणं मध्ये. विहिरीजवळ घाण न करणं मध्ये. एकदा मी म्हटलंच, "मास्तर, मधली जागा सुपाएवढी अना तुमी गावभर त्यात कोंबून राहिले. पोट्टे पडतीन ना एकमेकांवर."

"पडू द्या, वहिनी," मास्तर म्हणाले. "पडायचं तर तिथंच पडावं."

पोरांना एक प्रश्न फार आवडे. दोन्ही गोल एकमेकांशी भांडले तर? मास्तर तेव्हा बायबलातली, मिसर देशातल्या सुइणींची गोष्ट सांगत. राजानं नवी जन्मलेली बाळं मारायला सांगितली आणि सुइणींनी मारली नाहीत. अशी खरी टक्कर झाली तर देवाच्या गोलात जायचं, आणि सरकार जी शिक्षा देईल ती पळून न जाता भोगायची. पोरं हे डोळे मोठे करून ऐकत. मला आता कळतं की त्यांच्या कानात अर्धीच गोष्ट शिरत होती. पोरांचे कान असेच असतात. टकरीचं तेवढं राहतं, बाकीचं गळून जातं.

मास्तर नुसते बोलत नसत, तसे वागतही असत, आणि त्याची गावभर थट्टा होत असे. पुढे त्यांनी स्कूटर घेतली. एकदा ती पंक्चर झाली. रणरणत्या उन्हात मास्तर स्कूटर ढकलत निघालेले, आणि डोक्यावर हेल्मेट. मी शमुवेलच्या ऑटोतून जात होते. शमुवेल त्यांच्याच हाताखाली शिकलेला. त्यानं ऑटो थांबवून विचारलं, "मास्तर, ढकलाले कायले हेल्मेट पायजे?"

"ढकलायला नको," मास्तर म्हणाले. "पण मी ते काढून हातात घेतलं आणि मागून शाळेतली पोरं आली, तर त्यांना एवढंच दिसेल की मास्तर, स्कूटर, हेल्मेट हातात."

शमुवेल हसून हसून ऑटोच्या दांड्यावर कोसळला. मीही हसले. पण त्या दिवसापासून शमुवेल ऑटोत माणसं कोंबेनासा झाला. मला म्हणाला, "माय, मास्तर दिसले का लाज वाटते." आमच्या भागात चार माणसं कमी बसवणारा ऑटोवाला म्हणजे काय, हे गोंदियाच्या लोकांना सांगायला नको.

आता पुढचं सांगायचं तर मला एस्तेरबद्दल सांगावं लागेल.

एस्तेर माझी धाकटी मुलगी. मास्तरांच्या पहिल्या वर्गातली. तिची एक खोड होती. मास्तरांचा प्रश्न पूर्ण व्हायच्या आधीच ती जाऊन मध्ये उभी राहायची. मास्तर म्हणत, "अगं, आधी ऐक तरी!" ती म्हणे, "मास्तर, शेवटी सगळे इथंच तं येतेत." त्याच वर्षी पावसाळ्यात तिला ताप आला आणि तापात ती गेली. गावाच्या टोकाला, नाल्याच्या बाजूला आमच्या मंडळीची दफनभूमी आहे; तिथं कडुनिंबाखाली तिला ठेवलं. तिची पेटी एवढी लहान होती की ती चौघांनी उचलायची गरज नव्हती. मास्तरांनी ती एकट्यानं छातीशी धरून नेली.

नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत नव्हती. पण आता ते ऐकायला नाहीत, म्हणून घेते. याकोब. याकोब गवंडी होते. दर रविवारी उपासना झाली की ते एस्तेरजवळ जाऊन बसत, तण काढत. काही वर्षांनी त्यांनी तिच्या दोन्ही बाजूंना एकेक दगड बसवला. एक स्वतःच्या जागेला, एक माझ्या. मी म्हटलं, "जितेपणी घरात मले कोपरा देता, अना मेल्यावर चांगली ऐसपैस जागा!" ते म्हणाले, "तिथं तरी तू बडबड करणार नाई." आमचं बोलणं असंच होतं. पण जागेची गोष्ट खरी होती. लेकरू मध्ये, आम्ही दोन बाजूंना, जसं ती जिवंत असताना खाटेवर झोपायचो तसं.

मग दफनभूमीचं भांडण उभं राहिलं. शेजारच्या शेतमालकानं हद्दीचा दावा टाकला. त्याची जमीन कुठं संपते आणि आमचे मेलेले कुठं सुरू होतात, यावर कागद फिरू लागले. तहसील कचेरीतून हुकूम आला की निकाल लागेपर्यंत तिथं नवीन कोणाला पुरायचं नाही. जाऊन फुलं वाहायला मनाई नव्हती. फक्त नवी माती उकरायची नाही. आम्ही म्हटलं, लागेल निकाल. कोणाला मरायची घाई आहे?

याकोबना होती. त्याच हिवाळ्यात छाती भरली आणि ते गेले.

मी शमुवेलला बोलावलं आणि कुदळ त्याच्या हातात दिली. हे मी स्वतःहून केलं आणि त्याचा मला आजही पस्तावा नाही. सकाळ चांगली उजाडली होती. शमुवेल आणि मंडळीतले चार-पाच पोट्टे, सगळे मास्तरांचेच जुने विद्यार्थी, एस्तेरजवळच्या दगडापाशी खणायला लागले. मी जवळ उभी होते. बिरसीच्या धावपट्टीवरून उडालेलं शिकाऊ विमान आमच्या डोक्यावर गोल गोल फिरत होतं. खड्डा कमरेएवढा झाला तेव्हा फुलचूरहून मास्तर आले.

त्यांनी काहीच विचारलं नाही. चपला काढल्या, मंदिराच्या दारात ठेवतात तशा खड्ड्याच्या कडेला जोडीनं ठेवल्या, खाली उतरले आणि मांडी घालून बसले.

"मास्तर, वर या," शमुवेल म्हणाला. "अजून खणाचं आहे."

"नाही खणायचं, शमुवेल. हुकूम आहे."

"तुमीच शिकवलं मास्तर! टक्कर झाली तं देवाचं ऐकाचं म्हणून. सुइणींची गोष्ट तुमीच सांगितली."

"टक्कर झाली तर, म्हटलं होतं. झाली का टक्कर?"

"मेलेल्याले माती द्या म्हणून देव सांगते. साहेब नाई म्हणते. मंग काय राहिलं?"

"साहेब माती देऊ नका म्हणत नाहीत रे. इथं देऊ नका म्हणतात. आणि देवानं माती द्या म्हटलं आहे, सर्व्हे नंबर सांगितलेला नाही." मास्तर शमुवेलकडे पाहत म्हणाले. "उद्या कोणी म्हटलं की याकोबभाऊंना मातीच मिळणार नाही, तर पहिली कुदळ माझी, आणि पहिला तुरुंगात मी. पण गोंदियाच्या कब्रस्तानात जागा आहे. दोन्ही पाळता येत असताना एक मोडायचं, ही टक्कर नव्हे. हा आपला राग आहे."

पोरं माझ्याकडे पाहू लागली. मी पुढे झाले.

"मास्तर, उठा," मी म्हटलं. "एस्तेर वाट पाहून राहिली."

मास्तरांनी वर पाहिलं. तसे डोळे मी नंतर कधी त्यांचे पाहिले नाहीत. म्हणाले, "वहिनी, तिला इथं मीच आणून ठेवलं होतं."

आणि उठले नाहीत.

त्यांना उचलून बाहेर ठेवणं शमुवेलच्या एका हाताचं काम होतं. पण ज्या माणसानं हात धरून आपल्याला गोलात उभं केलं, त्याच्या काखेत हात घालून त्याला उपटून काढायचं कोणाच्यानं झालं नाही. शमुवेलनं कुदळ टाकली आणि नाल्याकडे तोंड करून रडला. मी रडले नाही. मी मास्तरांना म्हटलं, "तुमचा देव लयच मापात बसते, मास्तर. तहसीलदाराच्या टेबलावर ठेवता येते." हे मी म्हणाले आणि इथं लिहवून घेते आहे, कारण गौरवग्रंथात सगळेच गोड बोलतील.

उघडी कबर मागे ठेवून जाऊ नये, म्हणून निघण्याआधी तो खड्डा बुजवायला हवा होता. पोरांनी हात लावला नाही. मास्तरांनी एकट्यानं तो बुजवला, पांढऱ्या सदऱ्यात, धापा टाकत. माझ्या मालकांसाठी उकरलेली माती त्यांनी परत तिथंच लोटली आणि हातानं थापून सपाट केली.

याकोबना आम्ही टेम्पोतून गोंदियाला नेलं. ड्रायव्हर चांगला माणूस होता. म्हणाला, "अम्मा, आगे सिग्नल है, निकाल लूँ क्या? मय्यत की गाडी को कोई नहीं रोकता." मास्तर पुढे बसले होते. ते म्हणाले, "नहीं भैया, रुक जाओ." टेम्पो लाल दिव्याला थांबला. जिथं जायचं नव्हतं तिथंच निघालो होतो, घाई कशाची?

गोंदियाच्या कब्रस्तानात भिंतीजवळ जागा मिळाली. दोन्ही बाजूंना अनोळखी माणसं. याकोब तसे लाजाळू होते. अनोळखी माणसाशेजारी जेवायलाही बसत नसत.

पुढच्या रविवारी मी मंदिरात जाणारच नव्हते. कृपा तेव्हा लहान होती, तिच्यासाठी गेले. मास्तरांनी नेहमीसारखे चुन्याचे गोल काढले. पोरं कमी आली होती. काही घरांनी रागानं पाठवलीच नव्हती. मास्तरांनी पहिला प्रश्न विचारायच्या आत कृपानं हात वर केला.

"मास्तर, आज मी विचारू?"

"विचार, बाळ."

"आबाले दूर नेलं, एस्तेर आत्याजवळ नाई ठेवलं, ते कोणत्या गोलात?"

एकही पोरगं धावलं नाही. सगळे मास्तरांकडे पाहत राहिले. मास्तर आधी मध्ये जाऊन उभे राहिले. ते बरोबरच होतं. त्यांच्या हिशेबानं त्यांनी दोन्ही पाळलं होतं. मग हळूच निघाले, दोन्ही रेघा ओलांडल्या आणि ओट्याच्या टोकाला, बाहेर जाऊन थांबले.

"मला जे करायचं होतं ते मी मध्ये उभं राहून केलं," मास्तर कृपाला म्हणाले. "पण त्यानं तुझ्या आजीला जे झालं, त्याबद्दल दोन्ही कायदे गप्प आहेत. म्हणून मी इथं उभा आहे."

त्या दिवशी त्यांनी आणखी काही शिकवलं नाही. पोरं आपापली उठून गेली. मी दारात बसून होते. मला त्यांना काहीतरी बोलायचं होतं, नेहमीसारखं टोचून, पण तोंड उघडलं नाही. माझ्या आयुष्यात असं फार वेळा झालेलं नाही; कृपाला विचारा.

तेव्हापासून मास्तर दोन कामं करत आले आहेत. कोणी सांगितलं नाही, आणि कोणत्याही कायद्यात ती लिहिलेली नसावीत. पहिलं म्हणजे कचेरीतली तारीख. मंडळीतले बाकीचे लोक एकदा-दोनदा गेले आणि थकले. साहेब रजेवर, मोजणी झाली नाही, पुढची तारीख. मास्तर मात्र दर तारखेला जातात, बाकावर बसतात, नवी तारीख घेऊन येतात आणि परतताना आमच्या गावाला वळसा घालून मला सांगतात. मी विचारते, "काय झालं?" ते म्हणतात, "पुढची मिळाली." मी म्हणते, "तारखा जमवून जमवून त्याचं लोणचं घाला आता." ते चहा पितात आणि जातात.

दुसरं काम पुनरुत्थानाच्या रविवारचं, म्हणजे ईस्टरचं. त्या दिवशी पहाटे आमच्या लोकांनी आपापल्या कबरींवर फुलं ठेवायची रीत आहे. माझी माणसं दोन ठिकाणी. सकाळी मी एस्तेरकडे जाते आणि उन्हं वर आली की शमुवेलच्या ऑटोतून गोंदियाला याकोबकडे. कब्रस्तानाच्या फाटकाशी मास्तर झेंडू घेऊन उभे असतात. आत येत नाहीत. मी परत येईपर्यंत बाहेरच थांबतात. पहिल्या वर्षी मी फुलं घेतली नाहीत. दुसऱ्या वर्षी घेतली. माफ केलं असं कोणी समजू नये. झेंडू ताजा होता.

मग मास्तरांच्या घरीच वेळ आली. सुशीलाबाई, त्यांच्या पत्नी, आमच्याच गावची लेक. तिचे आईबाप त्याच कडुनिंबाखाली आहेत. शेवटच्या आजारात ती म्हणाली होती की मला आईजवळ न्या. मी भेटायला गेले तेव्हा माझ्यासमोर म्हणाली. ती गेली तेव्हा सगळी मंडळी मास्तरांकडे पाहत होती. आता स्वतःवर आली आहे, आता पाहू, असंही काहींच्या मनात असणार. माझ्या होतं. आणि खरं सांगायचं तर मला वाटत होतं की त्यांनी मोडावा हुकूम. घ्यावी कुदळ. मग मला त्यांच्यावर मनसोक्त रागावता आलं असतं आणि सुशीला तिच्या आईजवळ झोपली असती. दोघींचंही भलं झालं असतं.

मास्तरांनी टेम्पो गोंदियाकडे नेला. त्याच सिग्नलला थांबवला.

त्या दिवशी मी त्यांच्याजवळ बसले होते. माती देऊन झाल्यावर ते म्हणाले, "वहिनी, ती मला विचारेल."

मी म्हटलं, "विचारीनच. पन उत्तर द्याले अजून वेळ आहे तुमाले. तवर तारखेले जात जा."

एवढंच. याहून मोठं सांत्वन मला येत नाही.

आता मंदिरात पोरं फार नाहीत. शिकली ती नागपूर-पुण्याकडे गेली. ओट्यावर कधी तिघं असतात, कधी एकच. मास्तर तरी दोन गोल काढतात. हात थरथरतो, त्यामुळे गोल आता गोल राहत नाहीत, बटाट्यासारखे होतात. डोळ्यांत मोतीबिंदू आहे. परवा एका पोरीनं विचारलं, "मास्तर, मधली जागा कुठी आहे? दिसून नाई राहिली." रेघा इतक्या वेड्यावाकड्या गेल्या होत्या की मध्ये काही उरलंच नव्हतं. मास्तर वाकून वाकून शोधत राहिले. कृपा त्या दिवशी घरी आली होती. तिनं त्यांच्या हातातून चुन्याचा डबा घेतला आणि मधली जागा नव्यानं आखून दिली. चांगली मोठी आखली. मास्तर म्हणाले, "एवढी मोठी नसते ती." कृपा म्हणाली, "आत्यानं सांगितलं होतं ना, शेवटी सगळे इथंच येतात."

दफनभूमीत गवत माजलं आहे. याकोबनी बसवलेले दोन दगड आहेत. एका दगडापाशी, खड्डा बुजवला तिथं, जमीन थोडी खचली आहे. पावसाळ्यात पाणी साचतं. निकाल अजून लागलेला नाही. तो आमच्या बाजूनं लागला तर रीतसर परवानगी काढून याकोबना परत आणता येतं, असं मास्तरांनी विचारून ठेवलं आहे. त्यांनी मला शब्द दिला आहे, की आणीन. आणि दिलेला शब्द मी पाळत नसले तरी ते पाळतात, हे त्या टकलाच्या गोष्टीपासून जगजाहीर आहे.

माझी अडचण एवढीच आहे. आज मी गेले, तर मलाही गोंदियाला नेतील. याकोबजवळ जागा मिळाली तर मिळाली, नाही तर दुसऱ्या कोण्या भिंतीपाशी. आणि एस्तेर इथं एकटी, दोन्ही बाजूंना रिकामे दगड घेऊन. म्हणून मी थांबले आहे. मरायचं माझं वय केव्हाच होऊन गेलं. गुडघे गेले, दात गेले, याकोब गेले. मी तारखेसाठी थांबले आहे.

तर मास्तर, हा लेख तुमच्या सत्काराचा आहे आणि शेवटी शुभेच्छा द्यायच्या असतात, असं कृपा सांगते. देव तुम्हांला उदंड आयुष्य देवो. मोतीबिंदू काढून घ्या. हिवाळ्यात छातीला तेल लावा. स्कूटर विकून टाका. तारखेला शमुवेल नेईल, आणि त्याला मी सांगून ठेवलं आहे की वाटेत माणसं कोंबायची नाहीत. माझ्या आधी जाऊ नका. तुमच्यानंतर कचेरीच्या त्या बाकावर बसायला कोणी नाही, आणि पोट्टे तर सरळ कुदळ घेतील. तेव्हा खड्ड्यात उतरून बसणारा माणूस लागेल ना?

हे मी तुमच्यासाठी मागत नाही, माझ्यासाठी मागते आहे. पंचाहत्तरीला आलेल्या, बायको गमावलेल्या, थकल्या माणसाला आपल्या कामासाठी अजून जगवत ठेवायचं, हे कोणत्या गोलात बसतं, ते पोरांना विचारून सांगा. कुठंच बसत नसेल, तर ओट्याच्या टोकाशी थोडं सरका. मीही तिथंच येऊन उभी राहते.